अधिवेशनाच्या हॉटेलात संप : कम्युनिकेशन प्राध्यापकांच्या एका संघटनेचं प्रकरण

कम्युनिकेशन हा विषय शिकवणाऱ्या आणि त्यात संशोधन करणाऱ्या लोकांच्या एका संघटनेत घडलेलं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून संघटना, देश, शहर, हॉटेल यातलं काहीच नावानिशी दिलेलं नाही, माणसं फक्त पदाने येतील. वरवर बघितलं तर हा संप आणि अधिवेशन यांचा तिढा वाटतो, पण माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. अशा संघटनांमध्ये अध्यक्ष एका वर्षासाठी असतो आणि करार मात्र चार-पाच वर्षांचे असतात, म्हणजे सही करणारा एक आणि निस्तरणारा दुसराच. मधल्या काळात कोणाला काय माहीत होतं, ते पुढच्याकडे पोचलं का, यावर सगळं अवलंबून असतं.

पार्श्वभूमी

या संघटनांची रचना बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही म्हणून थोडं सांगते. अमेरिकेतली नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन घ्या, १९१४ साली सतरा शिक्षक इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडले आणि ती सुरू झाली, आजचं नाव १९९७ पासूनचं. तिथे निवडून आलेला माणूस आधी द्वितीय उपाध्यक्ष होतो, मग प्रथम उपाध्यक्ष, मग अध्यक्ष आणि मग मावळता अध्यक्ष, प्रत्येक पायरी एक वर्षाची, आणि वार्षिक अधिवेशनाचा कार्यक्रम आखायचं काम प्रथम उपाध्यक्षाकडे. १९५० साली सुरू झालेल्या इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनमध्येही अध्यक्ष होण्याआधी आणि नंतर अशाच पायऱ्या आहेत. आपल्या प्रकरणातली संघटना आकाराने यांच्यापेक्षा लहान, पण साचा तोच.

हे सगळे पदाधिकारी बिनपगारी. वर्ग घेतात, पीएचडीचे विद्यार्थी सांभाळतात, पेपर तपासतात आणि उरलेल्या वेळात संघटना चालवतात. पगारी माणूस म्हणजे कार्यकारी संचालक आणि त्यांचं छोटं ऑफिस. संचालक वर्षानुवर्षं तिथेच असतात, अध्यक्ष दरवर्षी बदलतो, त्यामुळे कागदावर सत्ता अध्यक्षाकडे आणि माहिती ऑफिसकडे, ही परिस्थिती जवळपास सगळीकडे दिसते. संघटनेचं उत्पन्न तीन ठिकाणांहून येतं, सभासद वर्गणी, जर्नल छापणाऱ्या प्रकाशकाकडून मिळणारी रॉयल्टी, आणि अधिवेशनाची नोंदणी फी. यातलं अधिवेशन अडकलं की वर्षाचं सगळं गणित अडकतं.

हॉटेलचा करारही समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावरच झाला. मोठ्या अधिवेशनाला शेकडो खोल्या आणि एकाच वेळी वीसेक हॉल लागतात, असं हॉटेल काही वर्षं आधीच धरून ठेवावं लागतं. हॉटेल हॉल फुकट किंवा अगदी कमी भाड्यात देतं, बदल्यात संघटना हमी देते की एवढ्या खोल्या आमचे लोक घेतील आणि जेवण-चहावर किमान एवढा खर्च होईल. यालाच रूम ब्लॉक म्हणतात. ठरलेल्या टक्क्यापेक्षा कमी खोल्या भरल्या तर फरक संघटनेने द्यायचा, हा अ‍ॅट्रिशन क्लॉज. आणि आख्खं अधिवेशन रद्द केलं तर दंड तारखेनुसार वाढत जातो, शेवटच्या काही महिन्यांत तर जवळपास पूर्ण रक्कमच भरावी लागते.

अडचण

अधिवेशनाला साधारण दहा आठवडे राहिले होते तेव्हा हॉटेल कामगारांच्या युनियनचं पत्र संघटनेच्या ऑफिसच्या मेलवर आलं. पगार आणि कामाचा ताण यावर बोलणी फिसकटली आहेत, संपाचं मतदान झालंय, तुमचं अधिवेशन दुसरीकडे न्या अशी विनंती. पत्र सभ्य होतं, शेवटी एक वाक्य होतं की तुमच्यातले बरेच जण श्रमिकांच्या प्रश्नांवरच लिहितात म्हणून तुमच्याकडून अपेक्षा आहे.

संचालकांनी पत्र वाचलं, हॉटेलच्या सेल्स मॅनेजरला फोन केला, तो म्हणाला असं दर काही वर्षांनी होतं आणि मिटतं, म्हणून त्यांनी युनियनला ‘आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत’ असं उत्तर पाठवलं आणि विषय पुढच्या महिन्याच्या मीटिंगच्या अजेंड्यावर टाकला. अध्यक्ष मॅडमना पत्राबद्दल कळलं ते आठवड्याभराने आणि तेसुद्धा एका सभासदाकडून, कारण युनियनने तेच पत्र काही सभासदांनाही पाठवलं होतं. मला संचालकांना दोष द्यायचा नाहीये, त्यांच्या आजवरच्या अनुभवाप्रमाणे ते बरोबरच वागले, पण कुठलं पत्र त्याच दिवशी अध्यक्षांपर्यंत गेलंच पाहिजे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मॅडमनी पद घेताना ते विचारलंही नव्हतं. हा पहिला निर्णयबिंदू, आणि तो कोणाच्या लक्षातही न येता निघून गेला.

मग गोष्टी भराभर वाढल्या. संघटनेतल्या श्रम आणि माध्यम अभ्यास विभागाने सह्यांचं निवेदन काढलं, दुसऱ्या बाजूने काही ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं की संघटनेने कुठल्याही वादात बाजू घेऊ नये. पीएचडीचे विद्यार्थी विचारत होते की तिकीट काढलंय, पैसे परत मिळणार नाहीत, मी काय करू. परदेशातून येणाऱ्यांचे व्हिसाचे कागद त्याच शहराच्या, त्याच तारखांच्या पत्रावर झाले होते.

संघटनेचं पहिलं निवेदन आलं ते सात जणांनी मिळून लिहिलेलं. आमची मूल्यं, आमचा आदर, दोन्ही पक्षांनी सामोपचाराने वगैरे. इथे मला थांबून बोलावंसं वाटतं कारण हे लोक हाच विषय शिकवतात. टिमथी कूम्ब्स यांचा संकटकाळातल्या संवादाचा सिद्धांत यातल्या कितीतरी जणांच्या अभ्यासक्रमात आहे, त्यात साफ सांगितलंय की आधी लोकांना स्वतःचं नुकसान टाळायला काय करायचं ते सांगा, मग त्यांना धीर वाटेल असं बोला, आणि संघटनेची प्रतिमा वगैरे त्याच्यानंतर. निवेदनात नेमकं पहिलंच नव्हतं. खोली रद्द करायची शेवटची तारीख कुठली, फी परत मिळेल का, निर्णय कधी होणार, एका प्रश्नाचंही उत्तर नाही. लोक भडकले ते संघटनेच्या भूमिकेवर नाही, या रिकामेपणावर.

समोर कुठले पर्याय होते

कार्यकारिणीची तातडीची ऑनलाइन मीटिंग झाली आणि करार पहिल्यांदा सगळ्यांनी उघडून वाचला. चार वर्षांपूर्वीचा करार, तेव्हाच्या अध्यक्षांची सही. आपत्तीच्या कलमात, म्हणजे हाताबाहेरची घटना घडली तर करारातून सुटता येतं त्या कलमात, संपाचा उल्लेख होता, पण अट अशी की संपामुळे अधिवेशन घेणं अशक्य किंवा बेकायदा व्हायला हवं. मॅनेजर आणि बदली माणसं लावून हॉटेल चालू राहणार होतं, म्हणजे अशक्य तर नाहीच. कामगार वादाचं वेगळं कलम, म्हणजे संप किंवा टाळेबंदी असेल तर दंडाशिवाय बाहेर पडता येईल असं, त्यात नव्हतं. खजिनदारांनी हिशोब मांडला, पूर्ण रद्द केलं तर संघटनेच्या राखीव निधीतला अर्ध्याहून जास्त पैसा जाईल.

आधीची उदाहरणं काढली गेली आणि हे काम ज्यांनी केलं त्या दोन तरुण सभासदांचं मला खरंच कौतुक आहे, एका रात्रीत त्यांनी टिपण तयार केलं. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनने २००४ मध्ये हॉटेल कामगारांच्या वादामुळे सॅन फ्रान्सिस्कोचं अधिवेशन थेट अटलांटाला आणि डिसेंबरात नेलं, तत्त्व सांभाळलं पण येणाऱ्यांची संख्या खूपच घसरली. त्याच शहरातल्या त्याच वादात अमेरिकन इतिहासकारांच्या संघटनेने २००५ चं अधिवेशन जवळच्याच सॅन होजेला हलवलं. याच इतिहासकारांनी २००० साली सेंट लुईमध्ये, हॉटेलवर वंशभेदाचे आरोप होते म्हणून, कार्यक्रम तिथल्या विद्यापीठात नेला होता. आणि घरचं म्हणावं असं उदाहरण म्हणजे नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनचं २००८ चं सॅन डिएगो अधिवेशन, तिथे हॉटेलवर बहिष्काराची हाक होती, मुख्य अधिवेशन हॉटेलातच राहिलं आणि नाराज सभासदांनी बाहेर स्वतःचं समांतर अधिवेशन भरवलं.

टिपणावरून चर्चेला आकार आला. ठरल्याप्रमाणे हॉटेलातच घ्यायचं, हा पैशाने सगळ्यात सुरक्षित पर्याय, पण अर्धे विभाग येणार नाहीत आणि २००८ सारखी फूट पडेल हे दिसत होतं. रद्द करून दंड भरायचा, यात तत्त्व स्वच्छ राहत होतं, पण मग पुढची दोन-तीन वर्षं विद्यार्थ्यांच्या प्रवास अनुदानाला पैसा नाही. पूर्ण ऑनलाइन न्यायचं, इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशनने २०२० चं गोल्ड कोस्टचं अधिवेशन महामारीमुळे तसं केलं होतं, तांत्रिकदृष्ट्या जमण्यासारखं होतं, पण तेव्हा सगळं जगच बंद होतं, इथे दंड तर द्यावाच लागणार आणि वर नोकरीच्या शोधात असलेल्यांना माणसं भेटणार नाहीत ती नाहीतच. राहिलं सेंट लुईसारखं, कार्यक्रम जवळच्या विद्यापीठात हलवायचा, खोल्यांचं मात्र ज्याने त्याने ठरवायचं.

चौथ्या पर्यायाकडे बहुतेकांचा कल होता पण अडलं होतं अ‍ॅट्रिशनवर. खोल्या रिकाम्या राहिल्या की बिल संघटनेला. संघटनेच्या वकिलाचा सल्ला होता की लेखी काही बोलू नका, सभासदांना आकडे सांगू नका, कराराच्या अटी गोपनीय आहेत.

एक फोन जो उशिरा झाला

चार वर्षांपूर्वी सही करणारे माजी अध्यक्ष सर आता निवृत्त झालेले. त्यांना बोलवावं असं खजिनदार पहिल्या मीटिंगपासून म्हणत होते, मॅडम टाळत होत्या. त्यामागे जुनी गोष्ट होती, दोघे पूर्वी एका निवडणुकीत समोरासमोर होते, आणि मॅडमना वाटलं आता फोन केला तर ‘तुमच्यामुळे हे झालं’ असं ऐकवल्यासारखं होईल, किंवा सर गटबाजी सुरू करतील. माणूस म्हणून हे मला पूर्ण समजतं. पण तीन आठवडे त्यात गेले.

शेवटी फोन केला तो खजिनदारांनी, मॅडमना सांगून. सर म्हणाले, ‘अहो, त्या वेळी मी त्यांच्याशी तारखा बदलण्याबद्दल बोललो होतो, मेल असेल कुठेतरी.’ मेल त्यांच्या विद्यापीठाच्या जुन्या खात्यात होता, तो मिळवायला विद्यापीठाच्या आयटी विभागाशी दोन-तीनदा बोलावं लागलं. त्यात हॉटेलच्या तेव्हाच्या मॅनेजरने लिहिलं होतं की काही अडचण आली तर पुढच्या एखाद्या वर्षाचं बुकिंग दिल्यास आम्ही दंडात सवलतीचा विचार करू. वकील म्हणाले याला कायद्याने फार किंमत नाही, करारात नाही ते नाही. पण बोलणी सुरू करायला तेवढं धरून बसता आलं.

काय केलं

दोन दिवसांत मॅडम, संचालक आणि खजिनदार हॉटेलशी बोलायला बसले. मागणी सरळ होती, या वर्षीचा रूम ब्लॉक कमी करा, आम्ही तीन वर्षांनंतरचं अधिवेशन तुमच्याकडे ठेवतो, पण त्या करारात कामगार वादाचं कलम हवं. हॉटेलला कलम नको होतं, आणि इथे मॅडम ठाम राहिल्या, कलम नसेल तर पुढचं बुकिंग नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हॉटेलच्या बाजूनेही विचार केला तर संपाच्या वर्षात पुढचं एक पक्कं गिऱ्हाईक हातचं जाऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं. ब्लॉक मागितला तेवढा नाही पण बऱ्यापैकी कमी झाला आणि कलम मान्य झालं.

दुसरा निर्णय मला नेतृत्वाच्या दृष्टीने सगळ्यात धाडसी वाटतो. वकिलाचा सल्ला पूर्ण मोडायचा नाही पण सभासदांना अंधारातही ठेवायचं नाही, असं मॅडमनी ठरवलं. कराराचे नेमके आकडे न देता त्यांनी राखीव निधीचा किती हिस्सा कुठल्या पर्यायात जाईल ते मोघम प्रमाणात जाहीर केलं, आणि नवं पत्र स्वतः एकटीने लिहिलं. पहिल्या परिच्छेदातच, खोली या तारखेपर्यंत रद्द करा, फी अमुक दिवसांत परत मिळेल, ज्यांना यायचं नाही त्यांना पेपर ऑनलाइन वाचता येईल, ज्यांना हॉटेलातच राहावं लागणार आहे त्यांना कोणी नावं ठेवणार नाही. त्यानंतर कारणं, आणि शेवटी संघटनेची भूमिका, की संप चालू असलेल्या हॉटेलच्या दारातून आत जाऊन आपण आपले कार्यक्रम घेणार नाही. संघटनेची ओळख, मूल्यं, परंपरा काही नाही. मेल गेल्यावर ऑफिसचे फोन दुसऱ्या दिवशी निम्म्याने कमी झाले असं संचालकच म्हणाले.

कार्यक्रम जवळच्या विद्यापीठात हलवला. सुट्टीचे दिवस होते म्हणून वर्ग मिळाले, पण हॉटेलातल्या हॉलपेक्षा कमी, त्यामुळे आख्खं वेळापत्रक नव्याने बसवावं लागलं. विभागांचे कार्यक्रम आखणारे, म्हणजे बहुतेक नव्याने नोकरीला लागलेले सहायक प्राध्यापक, यांना एका मेलने कळवलं की दहा दिवसांत नवं वेळापत्रक द्या. त्यांना कोणी आधी विचारलं नव्हतं. त्यांनी दिलं, रात्री जागून दिलं, पण दोघांनी अधिवेशनानंतर काम सोडलं.

परिणाम

अधिवेशन झालं. संप चालूच होता, नंतर काही आठवड्यांनी तडजोड झाली. बरेच सभासद इतरत्र राहिले, काहींच्या खोल्यांचे पैसे परत मिळण्यासारखे नव्हते, ते हॉटेलातच राहिले आणि त्यांना रोज घोषणा देणाऱ्या कामगारांच्या समोरून जावं लागलं. एका विद्यार्थिनीने नंतर सांगितलं की कोणी नावं ठेवणार नाही हे पत्रात लिहिलेलं असल्यामुळे तिला निदान आपल्या लोकांत मान खाली घालावी लागली नाही. अध्यक्षीय भाषण विद्यापीठाच्या सभागृहात झालं आणि युनियनच्या एका प्रतिनिधीला त्याआधी काही मिनिटं बोलू दिलं, यावर काही सभासद उठून गेले, तेही नोंदवायला हवं.

पैशाचं नुकसान झालं, दंड आणि विद्यापीठाचा खर्च धरून, पण पूर्ण रद्द केलं असतं त्याच्या मानाने बरंच कमी. दोन्ही बाजूंचे थोडे सभासद सोडून गेले, एका गटाला संघटना उशिरा आणि अर्धवट हलली असं वाटलं, दुसऱ्याला ती हललीच का असा राग. मला उशिराचा आरोप बरोबर वाटतो, अर्धवटचा नाही. त्या कराराने हात बांधलेले असताना याहून जास्त करायचं म्हणजे ज्यांचा या वादाशी काही संबंध नव्हता अशा विद्यार्थ्यांच्या खिशातून करणं होतं. तरीही थोडं त्यांच्या खिशातून गेलंच, पुढच्या वर्षीची प्रवास अनुदानं कापली गेली.

वार्षिक सभेत दोन ठराव झाले. दोन वर्षांपेक्षा लांबचा कुठलाही करार, मग तो हॉटेलचा असो की जर्नलच्या प्रकाशकाचा, सही होण्याआधी प्रतिनिधी सभेपुढे त्याचा सारांश यायचा, आणि हॉटेलच्या करारात कामगार वादाचं कलम नसेल तर त्याचं कारण लेखी द्यायचं. दुसरा ठराव म्हणजे मावळत्या अध्यक्षाने पत्रव्यवहार ऑफिसकडे जमा करायचा, स्वतःच्या विद्यापीठाच्या खात्यातून संघटनेचं काम करायचं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

युनियनचं पत्र आलं त्या दिवशीच अध्यक्षांना कळलं असतं तर खोल्या रद्द करायची मुदत बऱ्याच सभासदांच्या हातात होती. यासाठी काही मोठी यंत्रणा लागत नाही, पद घेतानाच अध्यक्ष आणि संचालकांनी अर्धा तास बसून ठरवायचं की कुठल्या पाच-सहा गोष्टी ताबडतोब कळवायच्या, वाद, कोर्ट, पत्रकार, छळाची तक्रार, मोठा पैसा.

माजी अध्यक्षांना पहिल्या दिवशी फोन व्हायला हवा होता. मॅडमना स्वतः करणं जड जात होतं तर खजिनदारांना किंवा मावळत्या अध्यक्षांना सांगता आलं असतं, शेवटी तेच झालं, फक्त तीन आठवड्यांनी. पायऱ्या-पायऱ्यांची ही पदरचना मुळात आहेच त्यासाठी, की मागचं पुढच्याला कळावं, पण ती साखळी मावळत्या अध्यक्षाच्या एका वर्षापुरतीच असते आणि हॉटेलचा करार त्याहून लांब असतो. म्हणून सही करणाऱ्याला त्या अधिवेशनापर्यंत सल्लागार म्हणून नावापुरतं तरी जोडून ठेवावं असा प्रस्ताव एका सभासदाने दिला, तो अजून चर्चेत आहे, मला तो पटतो.

सात जणांनी मिळून लिहिलेल्या निवेदनाबद्दल वर लिहिलंच आहे. संकटात एकाने लिहावं, दुसऱ्याने वाचावं, वकिलाने तपासावं, बस.

सगळ्यात जास्त खुपतं ते वेळापत्रक बसवणाऱ्यांचं. कार्यकारिणीने कामगारांच्या कामाच्या ताणावर तास-तासभर चर्चा केली आणि त्याच मीटिंगमध्ये आपल्याच बिनपगारी लोकांवर दहा दिवसांचं काम टाकलं, एकाही माणसाच्या मनात आलं नाही की त्यांनाही बोलवावं. त्यांना मीटिंगला घेतलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं की सगळी सत्रं ठेवायची गरज नाही, छोटी पॅनेल एकत्र करा, पोस्टर सत्र वाढवा, कारण नंतर त्यांनी स्वतःच तसं केलं. काम सोडून गेलेल्या दोघांशी नव्या अध्यक्षांनी बोलून घेतलं, एक परत आली.

कापलेली प्रवास अनुदानं दोन टप्प्यांत भरून काढायचं खजिनदारांनी मांडलं होतं. पहिला टप्पा झालाय, दुसरा येत्या सभेत मंजुरीला येतोय, आणि तीन वर्षांनंतरच्या हॉटेल कराराचा सारांशही त्याच सभेपुढे ठेवला जाणार आहे.